चिंचेचा ओंडका आणि गाळा नंबर चार

चिठ्ठीवर एकच शब्द होता. तो वाचल्यावर निधीने सगळ्यात आधी काय केलं, तर सासूबाई कुठे आहेत ते पाहिलं. सासूबाई देवघरापुढे बसून वाती वळत होत्या. निधीने चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उघडली. शब्द तोच होता. बुचर.

सोबतच्या कागदावर ॲमांडा टीचरच्या ठसठशीत अक्षरात सूचना होत्या. प्रत्येक मुलाने आपल्या वाट्याला आलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ, वापर आणि उगम वर्गापुढे उभं राहून सांगायचा. वेळ तीन मिनिटं. सोबत एखादी वस्तू आणल्यास उत्तम. वार सोमवार.

"हा शब्द तुला कोणी दिला?" निधीने लेकीला विचारलं.

"कोणी नाही. डब्यातून चिठ्ठी काढायची होती," श्रुतिका म्हणाली. "बाजूच्या मुलाला बटरफ्लाय आला. मला बुचर. मम्मा, माझाच भारी आहे ना?"

घरात श्रुतिका अशी बोलायची. दाराबाहेर पडली की मात्र तिचा आवाज चपलांच्या कपाटातच राहायचा. जूनमध्ये दुसरीचा वर्ग सुरू झाला, आता ऑगस्ट उजाडला, आणि एवढ्या दिवसांत तिने शाळेत एक अक्षर तोंडातून काढलं नव्हतं. हजेरीला ती हात वर करायची. पाणी संपलं की रिकामी बाटली दाखवायची. गेल्या आठवड्यात ॲमांडा टीचरने निधीला गेटपाशी गाठून अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, "मॅडम, घाबरू नका हां."

झालं. निधी घाबरली.

"पुढच्या ॲक्टिव्हिटीत पण ती नाही बोलली ना, तर मला वर कळवावं लागेल. मग कौन्सेलर, असेसमेंट, सगळं आलं. माझ्या हातात नाही राहणार," टीचर पुढे म्हणाली होती.

त्या दिवसापासून निधीने 'मूल शाळेत बोलत नाही' हे मोबाइलवर इतक्या प्रकारांनी शोधलं होतं, की मोबाइल आता तिला आपणहून कानाच्या मशीनच्या जाहिराती दाखवू लागला होता.

तर आता तीन मिनिटं. एक शब्द. आणि श्रावण.

सासूबाईंच्या, म्हणजे मालनबाईंच्या घरात श्रावण म्हणजे श्रावण. मासे बंद, मटण बंद, अंडं बंद. इथवर भांडुपमधल्या बऱ्याच मालवणी घरांत हेच. पण मालनबाई एक पाऊल पुढे होत्या. श्रावणात या गोष्टींची नावंही घ्यायची नाहीत असा त्यांचा नेम होता. फ्रीजरचा खालचा कप्पा त्या ओल्या फडक्याने तीनदा पुसायच्या आणि महिनाभर तिकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

त्यामुळे संध्याकाळी हॉलमध्ये निधीने "चल, म्हण बघू, माय वर्ड इज बुचर" एवढं म्हणताच देवघरातून आवाज आला.

"कसलो वर्ड?"

"शाळेचा आहे आई. अभ्यास आहे."

"अर्थ काय त्याचो?"

निधीने शक्य तितक्या सोवळ्या भाषेत अर्थ सांगितला. मालनबाईंनी हातातली वात खाली ठेवली. "श्रावण चललो हा गो. त्या शब्दाक ह्या घरात जागा नाय."

"अहो, इंग्रजी शब्द आहे!"

"इंग्रजीतून वास येणा नाय, असा कोणी सांगल्यान तुका?"

सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याकडे, प्रीतमकडे, निधीने आशेने पाहिलं. पस्तीस वर्षं आईच्या हाताखाली काढलेल्या त्या माणसाने लॅपटॉप थोडा वर उचलला आणि त्यामागे तो दिसेनासा झाला.

बरं, विषय टाळून मालनबाईंना चैनही पडेना. नातीचं नुकसान त्यांना नको होतं. रात्रीचं जेवण वाढता वाढता त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "तो एक माणूस असा. मरोळच्या गावठाणात. तुझो सासरो तीस वर्सां त्याच्याकडसूनच पिशवी भरून हाडी. आपलो रविवारचो माणूस. त्याका सगळा माहीत असतला. मी काय नाव घेतलंय नाय हां."

रविवारचा माणूस म्हणजे क्लेमेंट अंकल. त्यांचं बाजारातलं मटणाचं दुकान वर्षभरापूर्वी गुडघ्यांनी बंद पाडलं होतं. गुरुवारी शाळा सुटल्यावर निधी श्रुतिकाला घेऊन रिक्षाने तिकडे गेली. साकीनाक्याच्या सिग्नलला वीस मिनिटं अडकली असताना तिने इंग्रजीत लिहिलेलं बारा ओळींचं भाषण श्रुतिकाकडून तीनदा म्हणून घेतलं. म्हणजे निधीने म्हटलं, आणि श्रुतिकाने रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत ओठ हलवले.

जुन्या कौलारू घराच्या ओट्यावर क्लेमेंट अंकल अर्ध्या चड्डीत पाय पसरून बसले होते. त्यांच्या बायकोने, ल्युसी आंटीने, आतूनच विचारलं, "काय गो पोरी, नाव काय तुझा?"

"श्रुतिका," निधी म्हणाली.

"कितवीत हाय?"

"दुसरीत," निधी म्हणाली.

"सरबत घेशील?"

"नको, आत्ताच दूध पिऊन निघालीय," निधी म्हणाली.

क्लेमेंट अंकलनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "दुसरीत तू हायस का ही?"

निधी हसली. श्रुतिका तिच्या ओढणीमागे गेली. मग निधीने सगळा प्रकार सांगितला, चिठ्ठी, तीन मिनिटं, सोमवार, आणि मोबाइलवर शोधून आणलेली माहितीही वाचून दाखवली. बुचर हा शब्द इंग्रजांनी फ्रेंच लोकांकडून घेतला. जुन्या फ्रेंचमध्ये बोकडाला बॉक म्हणायचे, आणि बोकड कापून विकणारा तो बुचर.

"काय म्हणायचे?" अंकल सरळ बसले.

"बॉक."

"बोकड!" अंकलनी मांडीवर थाप मारली. "अगो ल्युसी, ऐकलंस? आपलाच बोकड घेऊन गेले ते!"

"नाही अंकल, तसं कुठे लिहिलेलं नाही. नुसतं सारखं वाटतंय."

"लिहिणारे काय, दुकानात उभे होते?" अंकलनी तो विषय संपवला. "बरं, वापर काय?"

निधीने जरा चाचरत वाचलं. एखाद्याने एखादं काम पार बिघडवून ठेवलं, गाण्याची वाट लावली, तर इंग्रजीत म्हणतात, त्याने ते बुचर केलं.

अंकलचा चेहराच उतरला. कोणी तरी घरच्या माणसाविषयी वाईट बोलावं तसा. "चूक हाय," ते म्हणाले. "साफ चूक. बिघडवतो तो बुचर नाय. चाळीस वर्षं मी काम केलं, एक हाड चुरलं नाय माझ्या हातून. तू आत जा ल्युसीकडे. या पोरीशी मला बोलायचं हाय."

"पण ती अनोळखी माणसांशी..."

"मी कुठे तिला बोलायला सांगतो? मी बोलणार हाय."

निधी आत गेली, पण तिचं अर्धं लक्ष खिडकीत. ल्युसी आंटी बाटलीत मसाला ठासून भरत होती आणि मिरच्यांच्या भावाविषयी बोलत होती. बाहेर अंकल स्वतःच्याच अंगावर खुणा करून दाखवत होते. मान इथे. छाती इथे. बोट खांद्यावर आलं, तसं त्यांनी श्रुतिकाचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला आणि स्वतःचा हात गोल फिरवला. श्रुतिकाने दोन्ही हातांनी तो खांदा चाचपला. तिचे ओठ हलले का? निधी खिडकीला नाक लावून उभी राहिली. पण डोक्यावरचा पंखा असा खडखडत होता, की बाहेर भाषण होतंय की भजन ते कळेना.

दीड तासाने त्या निघाल्या, तेव्हा श्रुतिका पुन्हा ओढणीमागे होती. निधीने निघता निघता म्हटलं, "अंकल, शाळेत न्यायला एखादी वस्तू मिळेल का? सुरी नको. काही तरी लहानसं."

"पाठवतो शनिवारी," अंकल म्हणाले. "लहानसंच पाठवतो."

घरात बंदी, म्हणून शुक्रवारी सरावाला निधी लेकीला घेऊन गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीपाशी श्रुतिकाला उभं केलं आणि स्वतः पंधरा पावलं लांब जाऊन ओरडली, "इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे! वापराचं वाक्य म्हण!"

श्रुतिका काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने! असं बघ! द बुचर इज ओपनिंग हिज शॉप ऑन सॅटर्डे! म्हण! बुचर! शॉप! सॅटर्डे!"

टाकीच्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावरचे चंद्रप्रकाशजी त्यांच्या रोजच्या हजार पावलांपैकी सातशे चाळिसावं टाकत होते. ते तिथेच थांबले. चंद्रप्रकाशजी कांदा-लसूणही न खाणारे, अतिशय सज्जन गृहस्थ. आपण कोणाचं बोलणं चोरून ऐकतोय हे लक्षात येऊन ते ओशाळले आणि उरलेली दोनशे साठ पावलं न चालताच खाली गेले. पण ऐकलेलं ते विसरू शकले नाहीत. सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा नंबर चार दोन महिने रिकामा होता. झेरॉक्सवाला गेल्यापासून तिथे कोण येणार, याचीच बिल्डिंगभर चर्चा होती.

शनिवारी अकरा वाजता निधीला गेटवरून शिवदास वॉचमनचा फोन आला. "मॅडम, तुमचा ओंडका आलाय."

"काय आलंय?"

"ओंडका. टेम्पोतून. दोन माणसं उचलतायत, तिसरा शिव्या देतोय. वर आणू?"

निधी धावत खाली गेली. तिथे चिंचेच्या लाकडाचा, दोन हात उंच, चाळीस वर्षांत मधोमध ताटासारखा खोलगट झालेला, मटण तोडायचा तो ठोकळा उभा होता, ज्याच्यावर निम्म्या मरोळचे रविवार झाले होते. तिने अंकलना फोन लावला.

"अंकल, लहानसं म्हटलं होतं ना!"

"मग? लहानच हाय. मोठा उचलायला चार माणसं लागतात."

टेम्पो निघूनही गेला होता. वर न्यायचा म्हणजे मालनबाई. मालनबाई त्या वेळी मागच्या गल्लीतल्या भजनी मंडळात होत्या, पण एकपर्यंत परतणार होत्या. श्रावणात, शनिवारी, हा ओंडका हॉलमध्ये? निधीने चारी बाजूंना पाहिलं. गाळा नंबर चारच्या शटरसमोर छपराखाली कोरडी जागा होती.

"शिवदास, सोमवार सकाळपर्यंत इथेच ठेवू. कोणी विचारलं तर..."

"मी कशाला सांगतोय मॅडम," शिवदास म्हणाला. आणि खरंच त्याने कोणाला काही सांगितलं नाही. फक्त नियमाप्रमाणे वहीत नोंद केली: 'टेम्पो. मटणाचा ओंडका, एक नग. गाळा नं. ४ समोर. फ्लॅट ४०२.' शेवटचा फ्लॅट नंबर त्याच्या अंगठ्याखाली पुसट झाला, तेवढीच निधीची पुण्याई.

साडेबाराला सोसायटीच्या ग्रुपवर ओंडक्याचा फोटो पडला. खाली चंद्रप्रकाशजींनी नम्रपणे लिहिलं होतं, 'शनिवारी दुकान उघडणार असे कानावर आले होते. आज शनिवार आहे.'

मग ग्रुपला तोंड फुटलं. वास येईल. माश्या येतील. पाहुणे काय म्हणतील. फ्लॅटचे भाव पडतील. पहिल्या मजल्यावरच्या एकाने लिहिलं, 'निदान श्रावणात तरी नको.' त्याला दुसऱ्या मजल्यावरच्याने विचारलं, 'म्हणजे गणपतीनंतर चालेल का? माहितीसाठी विचारतोय.' त्यावर एकामागून एक सात मेसेज आले आणि सातही जण घाईघाईने डिलीट करून मोकळे झाले. त्यातला एक निधीने ओझरता वाचला होता. त्यात 'कलेजी' असा शब्द होता.

"प्रीतम, सांगून टाकू का आपण?" तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"सांग ना. एका मिनिटाचं काम आहे."

"आईंना कळेल."

"मग नको सांगूस," प्रीतम तितक्याच तत्परतेने म्हणाला.

तेवढ्यात दार उघडून मालनबाई आत आल्या. चेहरा लाल. भजनी मंडळात बातमी पोचली होती, आणि मंडळाने एकमताने मालनबाईंना पुढारी केलं होतं. "खालती दुकान घालतत! श्रावणात! माझ्या देवघराच्या बरोब्बर खालती! निधी, त्या सेक्रेटरीक फोन लाव. आज संध्याकाळी मीटिंग होवूकच होयी. बघतंय मी कोण हाडता तो ओंडको!"

ओंडका आणणारी सूनबाई फोन लावू लागली. तिला नंबर दोनदा चुकला.

संध्याकाळी सहा वाजता पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. एरवी वार्षिक सभेला नऊ जण यायचे, ते सोसायटीच्या दाराशी बसलेली मांजरं धरून. आज साठ होते. मधोमध आरोपी असल्यासारखा ओंडका. त्याच्या एका बाजूला चंद्रप्रकाशजी आणि मंडळी, दुसऱ्या बाजूला भजनी मंडळ. मागे काही पुरुष भिंतीला टेकून, कुठल्याच बाजूला नसल्यासारखे उभे. त्यांच्यातला एक वाकून ओंडक्यावरून हात फिरवत हळूच म्हणाला, "चिंच आहे. अस्सल. हल्ली कुठे मिळतंय?" त्याच्या बायकोने भजनी मंडळातून बघितलं आणि त्याने हात खिशात घातला.

घरात एकटीला ठेवता येईना म्हणून निधीने श्रुतिकाला बरोबर आणलं होतं. श्रुतिका ओढणी धरून ओंडक्याकडे टक लावून बघत होती.

सेक्रेटरी सुबोध सावंतांना सगळं कागदोपत्री लागायचं. त्यांनी घसा साफ केला. "गाळामालकाला मी फोन केला. ते म्हणतात, गाळा कोणालाही दिलेला नाही. मग प्रश्न असा, की ओंडका आणला कोणी?"

"त्याका म्हणावा समोर ये!" मालनबाई गरजल्या. "आमच्या बिल्डिंगीत ह्या चलाचा नाय!"

टाळ्या झाल्या.

"शिवदास, वही," सुबोध सावंत म्हणाले. वही आली. त्यांनी चष्मा वर केला, वही उजेडात धरली, तिरकी केली. "फ्लॅट चारशे... चारशे... दोन." त्यांनी मान वर केली. "चारशे दोन? मालनकाकू, तुमचाच की हो!"

साठ माना वळल्या. मालनबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले आणि सुनेकडे पाहिलं.

निधी उभी राहिली. सांगायचं फार नव्हतं. शाळेचा प्रोजेक्ट, एक शब्द, सोमवारी ओंडका जाईल, माफ करा. चार वाक्यं. तिने तोंड उघडलं. समोर साठ चेहरे, त्यात एक सासूचा. घशातून नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. जीभ टाळूला जी चिकटली ती सुटेना.

"बोला ना मॅडम," सुबोध सावंत म्हणाले. "घाबरू नका."

ते ऐकून तर उरलीसुरली हवाही गेली.

मग कोणी तरी तिची ओढणी सोडली. निधीला ते आधी कळलंच नाही, खांदा हलका झाला तेवढं जाणवलं. श्रुतिका चालत ओंडक्यापाशी गेली होती. तिथे तिने दोन्ही हात ओंडक्यावर ठेवले, कारण तिच्या छातीपर्यंत तो बरोबर पोचत होता.

"माझी मम्मा लाजते," ती म्हणाली. "मी सांगते."

निधी उभीच राहिली. पाठीमागून प्रीतमने तिचं कोपर धरलं.

"हा माझा आहे. माझ्या शाळेसाठी. माझा वर्ड बुचर आहे. अर्थ. बुचर म्हणजे जो मटण कापतो आणि विकतो." भजनी मंडळात कोणाचा तरी हात कानावर गेला. "उगम. खूप वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये बोकडाला बॉक म्हणायचे. म्हणून तो कापणाऱ्याला बुचर म्हणायचे. क्लेमेंट अंकल म्हणतात, तो आपला बोकड आहे. मम्मा म्हणते, तसं लिहिलेलं नाही. मला अजून माहीत नाही."

मागची भिंत हसली.

"वापर. कोणी काम बिघडवलं तर इंग्लिशमध्ये म्हणतात, त्याने बुचर केलं. पण ते चूक आहे. बुचर बिघडवत नाही. अंकल म्हणतात, ताकद नाही लावायची. ताकद लावली तर हाड फुटतं आणि खाणाऱ्याच्या दातात जातं. आधी सांधा शोधायचा. सांधा सापडला की सुरी आपोआप आत जाते." तिने स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून हात गोल फिरवला. "इथे असतो. सगळ्यांना असतो. बघा हवं तर."

आणि काय सांगावं, पुढच्या रांगेतल्या चार-पाच जणांनी खरोखरच आपापले खांदे चाचपले. त्यात सुबोध सावंत होते.

चंद्रप्रकाशजी उठले. ते खाली वाकून म्हणाले, "बेटा, पण कोणाला कापायचं, हे वाईट नाही का वाटत?"

श्रुतिकाने विचार केला. "तुम्ही खात नाही?"

"नाही बेटा. कधीच नाही."

"मग तुम्ही नका खाऊ," ती म्हणाली. "अंकल म्हणाले, गिऱ्हाइकाला जबरदस्ती करायची नाही. आणि ते स्वतः गुड फ्रायडेच्या आधी चाळीस दिवस नाही खायचे. दुकानात उभे राहून."

"दुकानात उभे राहून?"

"हो. आणि आजी श्रावणात नाव पण नाही घेत."

चंद्रप्रकाशजींनी मालनबाईंकडे पाहिलं, मग त्या ओंडक्याकडे, आणि मोठ्या आदराने हात जोडले. नक्की कोणाला जोडले ते कोणालाच कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. या वेळी दोन्ही बाजूंनी.

"आता बसू?" श्रुतिकाने विचारलं.

मग सगळे मालनबाईंकडे बघू लागले. श्रावणात, भर सभेत, त्यांच्या सख्ख्या नातीने तो शब्द पाच-सहा वेळा उच्चारला होता. मालनबाई सावकाश उठल्या, नातीजवळ गेल्या, पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसला आणि भजनी मंडळाकडे वळून ठणकावून म्हणाल्या, "इंग्रजीतून म्हणाला माझा चेडू. इंग्रजीतून चलता."

सुबोध सावंतांनी सभेचा वृत्तान्त तिथल्या तिथे लिहिला. 'गाळा क्र. ४ बाबत झालेला गैरसमज दूर झाला. संबंधित शब्दाचा अर्थ, वापर व उगम यांबाबत कु. श्रुतिका, फ्लॅट ४०२, यांनी सविस्तर माहिती दिली. सभा त्यांची आभारी आहे.' मग पेन थांबवून त्यांनी निधीला बाजूला घेतलं. "वहिनी, ते अंकल... पुन्हा दुकान टाकायचं काही? नाही, मी सेक्रेटरी म्हणून नाही विचारत."

वर येताना निधीने चार मजले श्रुतिकाचा हात घट्ट धरून ठेवला. काही तरी बोलावं असं तिला वाटत होतं, पण बोललं की रडू येईल हेही माहीत होतं. त्यामुळे ती दर मजल्यावर फक्त "दमलीस का?" एवढंच विचारत राहिली. चौथ्या मजल्यावर श्रुतिका म्हणाली, "मम्मा, लिफ्ट चालू आहे."

सोमवारी शाळेने ओंडका आत घ्यायला साफ नकार दिला. त्याच्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागत होती. श्रुतिका म्हणाली, "असू दे, मी फळ्यावर काढीन," आणि आत निघून गेली. निधी गेटबाहेर शहाळेवाल्याच्या गाडीपाशी उभी राहिली. उभं राहायचं कारण म्हणून तिने एक शहाळं घेतलं. मग दुसरं. तिसऱ्याला शहाळेवाल्यानेच विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

अकरा वाजून दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. ॲमांडा टीचरचा मेसेज होता, दोनच शब्दांचा. 'बोलली. खूप.'

निधी शहाळेवाल्याच्या उलट्या क्रेटवर बसली, ओढणीत तोंड लपवून पोटभर रडली, आणि घरी जाऊन साडेबारा ते तीन अशी झोपली की मालनबाईंनी दोनदा येऊन श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन बसतच होती, तेवढ्यात फोन थरथरला. ॲमांडा टीचर. रविवारी? पुन्हा गप्प झाली असेल. वर कळवलं असेल. कौन्सेलर, असेसमेंट. तिने कप ठेवून दिला.

"हॅलो टीचर, काय झालं?"

"मॅडम, सॉरी हां, सुट्टीच्या दिवशी," पलीकडून गर्दीचा, भांड्यांचा आणि कसल्याशा ठोकण्याचा आवाज येत होता. "मी मार्केटमध्ये उभी आहे. पाहुणे येतायत माझ्याकडे. हा माणूस मला मांडीचं म्हणून देतोय. पण आतलं हाड चपटं आहे, पानासारखं. श्रुतिकाने वर्गात सांगितलं होतं, गोल हाड कुठलं आणि चपटं कुठलं. मी लिहून नाही घेतलं यार. काय होतं ते?"

निधीला उत्तर माहीत होतं. गेल्या आठ दिवसांत घरातल्या सगळ्यांना ते माहीत झालं होतं, मालनबाईंनासुद्धा. उत्तर तिच्या जिभेवर आलं.

"एक मिनिट हां टीचर," ती म्हणाली. "तिलाच देते."

श्रुतिकाने चित्रकलेची वही बाजूला सारली आणि फोन कानाला लावला. "हॅलो टीचर. चपटं? मग खांदा आहे. त्याला सांगा, उलटा करून दाखव. नाही, तुम्ही नका घाबरू. फोन स्पीकरवर टाका, मी बोलते त्याच्याशी."

मालनबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि नीट ऐकू यावं म्हणून नातीजवळ सरकून बसल्या.

निधीने कप उचलला आणि गॅलरीत गेली. आतून आवाज येत होता, स्वच्छ, खणखणीत, मध्ये कुठेही न अडखळणारा. तिला आत बोलावलं नाही कोणी. सात वर्षांत पहिल्यांदा तिचा चहा गरम असतानाच संपला.